विश्लेषण : स्थलांतरित मुलांची मातृभाषा शाळेत नेणारे लिओनार्ड कोव्हेलो कोण होते?

दक्षिण इटलीत १८८७ मध्ये जन्मलेले कोव्हेलो १८९६ मध्ये कुटुंबासह न्यूयॉर्कला आले. मूळ आडनाव कोव्हिएल्लो. उच्चार सोपा व्हावा म्हणून शिक्षिकेने ते बदलले. प्रगतिपुस्तकावरचे नवे नाव पाहून घरात वाद झाला. घरच्या भाषेची लाज वाटायला शाळाच शिकवते, हे त्यांना पुढे उमगले.

भाषेसाठी काय केले?
शिक्षक झाल्यावर त्यांनी हायस्कूलमध्ये इटालियन शिकवले. १९२२ मध्ये शहरातील शाळांत या भाषेला फ्रेंच, स्पॅनिशच्या बरोबरीचा दर्जा मिळाला.

शाळा कशी चालवली?
१९३४ ते १९५६ ते ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. तिथे इटालियन, प्वेर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र शिकत. वस्तीतल्या रिकाम्या दुकानांत त्यांनी पालक-विद्यार्थ्यांसाठी क्लब उघडले.

कसोटी केव्हा लागली?
१९४५ मध्ये इटालियन आणि कृष्णवर्णीय मुलांत मारामारी झाली. त्यानंतर गायक फ्रँक सिनात्रा सलोख्याचे आवाहन करायला शाळेत आले. एका शाळेने वस्तीतला वर्णद्वेष संपला नाही, पण कोव्हेलोंनी मुलांना एकत्र शिकवणे सोडले नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी प्वेर्तो रिकन स्थलांतरितांसाठी काम केले. १९७२ मध्ये ते इटलीला परतले. १९८२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले, बदललेल्या आडनावानिशीच.