इब्ने मुक्ला : हात गेला, खत राहिलं

लग्नपत्रिकेवरची, कॉम्प्युटरच्या नस्ख फॉन्टमधली अरबी अक्षरं इतकी मापात कशी बसतात? त्यामागे बगदादचे इब्ने मुक्ला आहेत. बोरूच्या कलमाचा एक नुक्ता, हेच त्यांनी माप धरलं. नुक्ते मोजून अलिफची उंची ठरवली, अलिफएवढ्या व्यासाचं वर्तुळ काढलं आणि बाकीचे हर्फ त्या हिशोबात बसवले. (आमची मुलं कंपास असूनही वर्तुळ वाकडंच काढतात!)

तीन अब्बासी खलिफांचे ते वझीर होते. पण दरबारातलं राजकारण नडलं. खलिफा राजीच्या काळात त्यांचा उजवा हात तोडला. दंडाला कलम बांधून ते लिहीत राहिले, असं सांगतात. मग जीभही कापली. ९४० साली कैदेतच त्यांचा इंतकाल झाला. त्यांची मापं घेऊन इब्ने बव्वाब यांनी लिहिलेलं कुरआन शरीफ आज डब्लिनला जपून ठेवलंय.