भक्षक पेशींचे जनक मेचनिकॉव्ह

मुरगावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी भेटणाऱ्या तारामाशाने वैद्यकशास्त्रालाही एक मोठी दिशा दिली आहे. त्याचे श्रेय रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांचे.

१८४५ साली जन्मलेल्या मेचनिकॉव्ह यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये क्षयाने गेली. त्या आघाताने ते पुरते खचले. पण संशोधनाने त्यांना सावरले. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्यांना वेढले होते! बेडूकमाशाची शेपटी नाहीशी होतानाही अशाच पेशी तिचे जीर्ण स्नायू गिळतात, हेही त्यांनी दाखविले. रोगजंतूंशी झुंजणारी पेशीच शरीराची सफाईही करते, हे मत अनेक विद्वानांना रुचले नाही. वर्षानुवर्षे टीका सोसल्यावर १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल पुरस्कार लाभला. मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य.

१९१६ मध्ये पॅरिसला मेचनिकॉव्ह निवर्तले. मरणोन्मुख पेशी आपल्या पृष्ठभागावर एक स्निग्ध रेणू उघड करते आणि भक्षक पेशींवरील ग्राही तीच खूण ओळखतात, हे पुढील पिढ्यांनी उलगडले. ही सफाई अडली, तर शरीर स्वतःवरच उलटू शकते.