ठोके किती आणि काम किती

लॅमिंग्टन रोडवर संगणक घ्यायला गेलेला ग्राहक बहुधा पहिला प्रश्न वेगाचा विचारतो. किती गिगाहर्ट्झ? तीनचा असेल तर तो दोनच्यापेक्षा दीडपट वेगवान, असा सरळ हिशेब. मोबाइल, लॅपटॉप आणि रुग्णालयातल्या स्कॅनरचा संगणक, सगळ्यांना हीच फूटपट्टी लावली जाते. ती कुठे चुकते, हे समजून घ्यायला डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे आयुष्य उपयोगी पडते. त्यांना आपण अणुशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. भारतात बांधलेला पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक त्यांच्याच संस्थेत उभा राहिला, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. शिक्षण कॅथेड्रल शाळेत, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. त्यांच्या आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने इंजिनीअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची इच्छा. भाभांनी १९३० मध्ये केंब्रिजची इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास करून ती पाळली आणि मग आपल्या आवडीच्या गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले.

१९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर एक महत्त्वाचे कोडे सोडवले. अवकाशातून आलेला एक वेगवान कण वातावरणात शिरला की त्यापासून प्रकाशकण निघतात, त्यांतून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोड्या, त्यांतून पुन्हा प्रकाशकण. एकाचे अनेक होत कणांचा पाऊस पडतो. या पावसाचे गणित त्यांनी मांडले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वातच नव्हते.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे इथेच राहिले. बंगळूरला काही वर्षे काढून त्यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. त्याच वर्षी ती पेडर रोडवरच्या बंगल्यात आली, पुढे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आणि शेवटी कुलाब्याला समुद्राकाठी. भाभांच्या या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या तरुण गटाने संगणक बांधायला घेतला. १९६० मध्ये तो पूर्णपणे चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. स्मृती आधी १,०२४ शब्दांची होती, नंतर २,०४८ ची झाली. एकेक शब्द ४० बिटांचा. म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम १० किलोबाइट. मोबाइलवरचा एखादा साधा फोटोसुद्धा त्यात मावला नसता.

त्याचा वेग गिगाहर्ट्झमध्ये सांगायचा म्हटले तर पंचाईत होते. ज्या प्रिन्स्टनच्या यंत्राच्या धर्तीवर त्या काळी जगभर संगणक बांधले गेले, त्यात सगळ्यांना ताल देणारे मध्यवर्ती घड्याळच नव्हते. एक काम संपले की दुसरे सुरू होई. जिथे नाडीच नाही, तिथे ठोके काय मोजणार? म्हणून स्मृतीतला एक शब्द वाचून पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ पाहायचा. टिफ्रॅकमध्ये तो १५ मायक्रोसेकंद होता.

आम्हा डॉक्टरांना हे लगेच पटते. विश्रांतीत हृदयाचे मिनिटाला ७० ठोके आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला साधारण पाच लिटर. कसलेल्या धावपटूचे हृदय ५० ठोक्यांत तेवढेच काम करते, कारण त्याचा प्रत्येक ठोका मोठा असतो. उलट, एखाद्या रुग्णाचे हृदय १८० च्या गतीने धडधडते तेव्हा दोन ठोक्यांमध्ये ते पुरेसे भरतच नाही. ठोके वाढतात आणि रक्तदाब घसरतो. प्रोसेसरचेही असेच. गिगाहर्ट्झ म्हणजे ठोके. एका ठोक्यात किती काम होते, हे प्रत्येक जातीच्या प्रोसेसरमध्ये वेगळे. आणि स्मृतीकडून माहिती वेळेवर आली नाही, तर वेगवान प्रोसेसरही रिकामाच धडधडतो.

भाभांना घरच्या यंत्राचा अभिमान होता, पण हट्ट नव्हता. टिफ्रॅक पूर्ण होईपर्यंत जगात व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. संस्थेचे काम वाढले तसा १९६४ मध्ये अमेरिकी सीडीसी ३६०० संगणक कुलाब्यात आला. त्याचा स्मृतीचा फेरा दीड मायक्रोसेकंदाचा, म्हणजे दसपट वेगवान. पण नुसत्या आकड्यांवरून टिफ्रॅकला नापास करता येणार नाही. संगणक बांधू आणि चालवू शकणारी माणसे त्याने घडवली, आणि ते काम विकतच्या यंत्राने झाले नसते.

याचा धागा परळपर्यंत येतो. आत्या मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. उपचारात किरणांचे महत्त्व वाढणार, हे ओळखून भाभांनी पुढाकार घेतला आणि १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले.

आज रेडिएशन देण्यापूर्वी गाठीला किती मात्रा मिळेल आणि शेजारच्या मज्जारज्जूला किती, याचा हिशेब संगणक करतो. त्याच्या सर्वांत काटेकोर पद्धतीत शरीरात शिरलेल्या कोट्यवधी कणांचा प्रवास एकेक करून मोजतात. प्रकाशकण, इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन. १९३७ च्या गणितातलेच हे कण. प्रत्येक कणाचा हिशेब स्वतंत्र असल्यामुळे तो वाटून देता येतो. म्हणून इथे ग्राफिक्स प्रोसेसर उपयोगी पडतो. त्याचे ठोके साध्या प्रोसेसरपेक्षा बहुधा कमीच, पण त्यात हजारो छोटे गणक एकाच वेळी राबतात. जिथे पुढची पायरी आधीच्या उत्तरावर अवलंबून असते, तिथे मात्र मोजकेच पण ताकदवान गणक असलेला साधा प्रोसेसर बाजी मारतो.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांवर झालेल्या विमान अपघातात भाभा गेले. वय अवघे ५६. देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सची दिशा ठरवण्यासाठी नेमलेल्या त्यांच्या समितीचा अहवाल त्याच वर्षी, त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला.

दोन वेगळ्या जातींच्या संगणकांची तुलना करायची असेल, तर आपले रोजचे काम दोघांवर चालवून घड्याळ पाहावे. परळला उपचाराची वाट पाहणाऱ्या रुग्णाला प्रोसेसरचे ठोके ठाऊक नसतात. आपल्या मात्रेचा हिशेब अचूक आणि वेळेत झाला का, एवढेच त्याच्या कामाचे असते.