पहिली बॅटरी बनवणाऱ्या माणसाला वाटत होतं, ती कधीच संपणार नाही!

सकाळी शंभर टक्के चार्ज केलेला फोन घेऊन घराबाहेर पडायचं आणि संध्याकाळी परतीच्या वाटेवर बघावं, तर बॅटरीची खूण लाल झालेली. मग कुणाकडे चार्जर आहे का याची शोधाशोध सुरू. हे दुखणं आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

पण बॅटरी टिकवायची कशी, हा प्रश्न स्मार्टफोनपेक्षा खूप जुना आहे. जगातली पहिली बॅटरी ज्याने बनवली, त्यालाही १८०० सालीच हा प्रश्न पडला होता. त्या माणसाचं नाव अलेस्सांद्रो व्होल्टा. चार्जरवर जे ‘व्होल्ट’ लिहिलेलं असतं, ते याच्याच नावावरून.

व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीतल्या कोमो गावी झाला. घराणं मानाचं, पण पैसा बेताचा. चार वर्षांचा होईपर्यंत तो नीट बोलतही नव्हता, असं सांगतात. लहानपणीच वडील गेले. काकांनी त्याला शिकवलं. घरच्यांची इच्छा होती की त्याने वकील व्हावं आणि शिक्षकांना वाटायचं की त्याने धर्मगुरू व्हावं. व्होल्टाचं मन मात्र विजेत अडकलं होतं.

विद्यापीठाची पदवी नसतानाही १७७४ मध्ये त्याला कोमोच्या शाळेत नोकरी लागली. १७७६ मध्ये माग्गियोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून निघणारे बुडबुडे त्याने गोळा केले आणि त्यातला वायू पेट घेतो हे दाखवलं. हाच मिथेन. पुढे पाव्हियाच्या विद्यापीठात तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला.

बेडकाच्या पायावरून पेटलेला वाद

१७९१ मध्ये बोलोन्याचे डॉक्टर लुइजी गॅल्वानी यांनी एक चमत्कारिक प्रयोग जगासमोर मांडला. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळे धातू लावले की पाय झटका देत होता. गॅल्वानींचं म्हणणं होतं की ही वीज प्राण्याच्या शरीरातच असते.

व्होल्टाला सुरुवातीला हे पटलं. मग त्याने स्वतः प्रयोग केले आणि त्याचं मत फिरलं. बेडूक कशाला, दोन वेगळे धातू स्वतःच्या जिभेवर ठेवून एकमेकांना टेकवले तरी आंबट चव येते, याकडे त्याने लक्ष वेधलं. म्हणजे बेडूक विजेचा उगम नाही, तो फक्त वीज आली हे सांगणारा ओला तुकडा आहे, असा त्याचा दावा होता.

युरोपातल्या विद्वानांचे दोन गट पडले. गॅल्वानींनी धातू न वापरताही पाय हलवून दाखवला. आज मागे वळून पाहिलं तर दोघांकडेही अर्धं अर्धं सत्य होतं, कारण आपल्या नसांमध्ये खरंच विजेचे संदेश धावतात. पण वाद संपायच्या आधीच राजकारण आडवं आलं. नेपोलियनच्या फौजांनंतर उभ्या राहिलेल्या नव्या सत्तेची शपथ घ्यायला गॅल्वानींनी नकार दिला, त्यांची नोकरी गेली आणि १७९८ मध्ये ते वारले.

व्होल्टाचे दिवसही फार बरे नव्हते. १७९९ मध्ये ऑस्ट्रियन सैन्य परतलं आणि पाव्हियाचं विद्यापीठ बंद झालं. तो कोमोला घरी परतला आणि तिथेच त्याचं सर्वात मोठं काम पुरं झालं.

चकत्यांचा मनोरा

जस्ताची एक चकती, चांदीची एक चकती आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठ्याचा किंवा कापडाचा तुकडा. अशा जोड्या त्याने एकावर एक रचल्या. मनोऱ्याच्या दोन्ही टोकांना ओले हात लावले की झटका बसायचा. आणि तो पुन्हा पुन्हा बसायचा! तोपर्यंतची विजेची भांडी एका ठिणगीत रिकामी होत. इथे मात्र वीज सलग वाहत होती.

२० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून हा शोध कळवला. काही आठवड्यांतच इंग्लंडमध्ये या मनोऱ्याच्या विजेने पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करून दाखवलं गेलं. १८०१ मध्ये व्होल्टाने पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर प्रात्यक्षिक केलं. त्याला सुवर्णपदक मिळालं, पुढे काउंट हा किताबही.

पण ती टिकत नव्हती

मनोऱ्याची एक अडचण होती. कापड वाळलं की वीज कमी व्हायची. वरच्या चकत्यांच्या वजनाने मिठाचं पाणी पिळून बाहेर यायचं. त्यावर व्होल्टाने उपाय काढला: मनोऱ्याला बाहेरून मेणासारखं वेष्टन द्यायचं, म्हणजे ओल आतच राहते. असे मनोरे काही आठवडे चालले. बॅटरी जास्त वेळ टिकवण्याचा हा बहुधा पहिलाच प्रयत्न.

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली. दोन धातू एकमेकांना टेकले की वीज तयार होते आणि ती आपोआप भरत राहते, असं तो मानत होता. खरं तर जस्त हळूहळू झिजत होतं. वीज येत होती ती रासायनिक क्रियेतून, आणि रसायन खर्च झालं की वीजही संपणारच. ही गोष्ट इतर शास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केली. १८३६ मध्ये जॉन डॅनियल यांनी जास्त स्थिर विजेचा घट बनवला आणि १८५९ मध्ये गास्तों प्लांते यांनी पुन्हा चार्ज होणारी शिसे-आम्लाची बॅटरी आणली.

व्होल्टा १८१९ मध्ये निवृत्त झाला आणि ५ मार्च १८२७ रोजी कोमोजवळच्या कामनागो इथे वारला. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने विजेच्या दाबाच्या एककाला त्याचं नाव दिलं.

मग आपल्या फोनचं काय?

फोनमधल्या लिथियम बॅटरीत धातू झिजून जात नाही. लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे जातात आणि चार्जिंग करताना परत येतात. पण प्रत्येक फेरीत थोडी झीज होतेच, आणि उष्णता ती वाढवते. म्हणून फोन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, उशीखाली ठेवून चार्ज करू नका. जमेल तेव्हा चार्ज वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवा. असं केलं तर बॅटरीचं आयुष्य वाढतं.

आणि आजचा दिवस काढायचा असेल तर? स्क्रीनचा उजेड कमी करा, कारण बरीचशी बॅटरी तोच खातो. नेटवर्क कमजोर असलं की टॉवर गाठण्यासाठी फोनला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे रेंज नसलेल्या घाटात किंवा तळघरात विमान मोड लावून टाका.

व्होल्टाला हवी होती ती कधीच न संपणारी बॅटरी अजून कुणालाच बनवता आलेली नाही. तोवर आहे ती जपून वापरलेली बरी.