थोरले माधवराव : पुण्याचे आणि आपले

परदेशात कुठे नवा राष्ट्राध्यक्ष निवडून आला की आपल्या मेसमध्ये आठवडाभर दुसरा विषय नसतो. तो कुणाला काढणार, कुणाला बसवणार, मित्रदेशांशी कसा वागणार, जगात त्याच्या देशाचं वजन वाढणार की घटणार, यावर वरणभात थंड होईपर्यंत वाद चालतो. (तो वाढतानाच थंड असतो, ते सोडा.) वादाचं मूळ मात्र एकच : वरचा एक माणूस बदलला म्हणून सगळं सरकार बदलतं का? याचं उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. १७६१ सालच्या पुण्यात जाऊन यावं. आणि येताना नागपूरमार्गे यावं, कारण या गोष्टीत आपलं नागपूर आहे, आणि ते नायकाच्या बाजूला नाही.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव पडला, चुलत भाऊ सदाशिवरावभाऊ पडले, सरदारांच्या घराघरांत सुतक आलं. नानासाहेब पेशवे त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. २३ जूनला पर्वतीवर त्यांनी प्राण सोडला. जुलैमध्ये साताऱ्याला छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं मिळाली ती दुसऱ्या मुलाला, माधवरावांना. वय वर्षे सोळा. आपल्याकडे सोळाव्या वर्षी पोरगा अकरावीत असतो आणि क्लास कोणता लावायचा हेसुद्धा वडील ठरवतात.

माधवरावांच्या हाती काय आलं? रिकामा खजिना, वडिलांचं कर्ज, उत्तरेत संपलेला दरारा. दक्षिणेत हैदर अली वाढत होता. निजाम अलीने तर वर्ष संपायच्या आत पुण्याच्या दिशेने फौजा हाकल्या. आणि या सगळ्यांपेक्षा अवघड गोष्ट घरातच होती. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. अटकेपर्यंत मोहीम केलेला माणूस, वय सत्तावीसच्या आसपास. पुतण्याने नावाला पेशवा व्हावं आणि कारभार आपण करावा अशी त्यांची समजूत. कारभारी सखारामबापू बोकील त्यांच्याच बाजूला झुकलेले.

पुतण्या नावापुरता राहायला तयार नव्हता, हे वर्षभरात दिसलं. भांडण इतकं विकोपाला गेलं की नोव्हेंबर १७६२ मध्ये काका-पुतण्यांच्या फौजा भीमेकाठी आळेगावला एकमेकांवर चालून गेल्या. राघोबादादांच्या मदतीला निजाम होता. माधवरावांची बाजू लंगडी पडली आणि तेव्हा या पोराने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं वाटतं. पळून जाऊन दुसरी फौज उभी करता आली असती, निदान प्रयत्न करता आला असता. तो सरळ काकांच्या छावणीत जाऊन त्यांच्या स्वाधीन झाला. घर फुटलं तर राज्य निजामाच्या घशात जाणार हा हिशेब त्याला सतराव्या वर्षी मांडता आला. पुढचे काही महिने तो जवळपास नजरकैदेतच होता.

आता नागपूर. आपले जानोजी भोसले, सेनासाहेबसुभा, हे पेशव्यांनी तयार केलेले सरदार नव्हेत. त्यांचे वडील पहिले रघूजी यांनी ओरिसापर्यंत स्वतःच्या बळावर मुलूख मिळवला होता आणि भोसल्यांचं म्हणणं असं की आमचं नातं थेट छत्रपतींच्या गादीशी, पेशवा आमचा मालक कसला. त्यामुळे पुण्यात घर फुटलं तेव्हा जानोजी १७६३ मध्ये निजामाला जाऊन मिळाले. राघोबादादांनी दुखावलेले गोपाळराव पटवर्धनही तिकडेच गेले. सगळ्यांनी मिळून पुणं लुटलं. पेशव्यांच्या घरच्या बायकांना सिंहगडाचा आसरा घ्यावा लागला.

इथे आपल्या जिल्ह्याला एक मान आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मराठेशाहीत साडेतीन शहाणे होऊन गेले असं म्हणतात. पुण्याचे सखारामबापू, निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर आणि जानोजींचे देवाजीपंत चोरघडे हे पूर्ण शहाणे. नाना फडणीस अर्धे, कारण ते तलवारीचे नव्हेत. यातले देवाजीपंत नरखेडचे. कळमेश्वरहून गाडीत बसलं की काटोल सोडून पुढे लागतं ते नरखेड. संत्र्यांसाठी आपण ते ओळखतो, पण त्या काळी निजामाच्या आणि पेशव्याच्या दरबारात तिथल्या माणसाच्या डोक्याची धास्ती होती.

पेशव्यांनी जानोजींना ३२ लाखांच्या मुलखाचं आश्वासन देऊन निजामापासून फोडलं. ऐन पावसाळ्यात, १० ऑगस्ट १७६३ ला, गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाची अर्धी फौज पलीकडे गेलेली आणि अर्धी अलीकडे अडकलेली असताना मराठे तिच्यावर पडले. राघोबादादा गराड्यात सापडले. त्यांना सोडवायला धावून गेला तो त्यांनीच नजरकैदेत ठेवलेला पुतण्या. विठ्ठल सुंदर मारले गेले. निजाम पलीकडच्या काठावरून बघत राहिला. त्या दिवसानंतर पेशवा कोण, हा प्रश्न कुणी उघडपणे विचारला नाही.

माधवरावांची आपल्याला असलेली ओळख बहुतेक 'स्वामी'मधून येते. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ ची, पुढे दूरदर्शनवर तिची मालिकाही झाली. होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये तिची एक कव्हर फाटलेली प्रत असते. त्यातले माधव-रमा मनात घर करतात हे खरं, पण त्या नादात एक गोष्ट मागे पडते : हा माणूस मुळात कचेरीतला होता. हिशेब तपासणारा, महसुलाचे कागद स्वतः बघणारा, लाच खाणाऱ्याला घाम फोडणारा. वेठबिगार, म्हणजे अधिकाऱ्याचं ओझं गावकऱ्याने फुकट वाहायचं, ही रीत त्याने बंद करायला लावली. न्यायाच्या कामावर रामशास्त्री प्रभुण्यांसारखा माणूस बसवला आणि मुख्य म्हणजे त्यांचं ऐकलं. एकदा माधवराव जपजाप्यात इतके गुंतले की कामं अडून राहिली. तेव्हा शास्त्रीबुवा काशीला जायची परवानगी मागायला आले आणि त्यांनी सुनावलं की ब्राह्मणाचा धर्म पाळायचा असेल तर गादी सोडून तुम्हीही चला, नाही तर रयतेचं काम हाच तुमचा धर्म. त्यानंतर जप आवरता घेतला गेला, असं सांगतात. नव्या सत्ताधीशाला असं तोंडावर बोलणारा माणूस जवळ हवा असतो आणि तो टिकवता यावा लागतो, ते जास्त कठीण.

माणसं निवडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. नाना फडणीस पानिपतातून जीव वाचवून आलेला, माधवरावांहून फक्त तीन वर्षांनी मोठा. त्याला दप्तरात वाढवलं. हरिपंत फडके तिथेच तयार झाले. महादजी शिंदे पानिपतात पाय गमावता गमावता वाचले होते. राघोबादादांचा विरोध असताना शिंद्यांची जहागीर १७६८ मध्ये महादजींना दिली. आणि इंदूरला मल्हारराव होळकर वारले, वर्षभरात नातू मालेरावही गेला, तेव्हा दिवाण आणि राघोबादादा मिळून दौलत ताब्यात घ्यायला निघाले होते. माधवरावांनी कारभार अहिल्याबाईंकडे राहू दिला आणि फौजेला तुकोजी होळकर दिले. विसाव्या-बाविसाव्या वर्षी घेतलेले हे निर्णय. यातल्या एकेका माणसावर पुढची पंचवीस-तीस वर्षं मराठी राज्य उभं राहिलं. मेकॅनिकलवाल्यांसाठी एक ओळ : तोफखाना पानसे घराण्याकडे होता आणि पुण्यात तोफा ओतण्याची सोयही याच काळात झाली. पण त्याच १७६९ साली, म्हणजे माधवराव नागपूरवर चालून आले त्या वर्षी, इंग्लंडमध्ये जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट घेतलं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की जरा अस्वस्थ व्हायला होतं.

नियम सगळ्यांना सारखा म्हटलं की घरच्यांना आधी लागतो. आईशी, गोपिकाबाईंशी मतभेद झाले आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. राघोबादादांनी पुन्हा फौज जमवली तेव्हा जून १७६८ मध्ये धोडपला त्यांना हरवून, धरून आणून, शनिवारवाड्यात ठेवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी काकांच्या छावणीत स्वतः चालत गेलेला मुलगा तो हाच.

या बंडात जानोजींचा हात होता. मग पाळी आपली. १७६६ मध्येच माधवरावांनी ३२ लाखांपैकी २४ लाखांचा मुलूख परत घेतला होता. १७६९ च्या सुरुवातीला ते वऱ्हाडातून थेट नागपूरवर आले. शहर लुटलं गेलं, जळालं. चांद्याला वेढा पडला. जानोजी समोरासमोर लढलेच नाहीत. ते बगल देऊन पुण्याच्या रोखाने निघाले आणि तिकडे लोकांची पळापळ झाली. गनिमी काव्याचा हा धडा पेशव्यांना त्यांच्याच सरदाराने दिला, याचं नागपूरकर म्हणून थोडं बरं वाटतं. शेवटी दोन्हीकडचे थकले आणि २३ मार्च १७६९ ला कनकापूरचा तह झाला. उरलेला आठ लाखांचा मुलूख गेला. वर्षाला पाच लाख द्यायचे, पेशव्यांना विचारल्याशिवाय फौज वाढवायची नाही, बोलावलं की हजर व्हायचं, दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज यांच्याशी परस्पर बोलणी करायची नाहीत. बदल्यात पेशव्यांच्या फौजा नेहमीची वाट सोडून भोसल्यांच्या मुलखातून जाणार नाहीत आणि इंग्रज चालून आले तर मदत करतील.

पुण्यातून पाहिलं तर हे राज्य एका सूत्रात बांधणं होतं. नागपुरातून पाहिलं तर राख होती. इतिहासाच्या पुस्तकात पहिली बाजू छापतात. मला विचाराल तर माधवरावांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. निजामाला मिळून पुणं लुटणारा सरदार मोकळा सोडला असता तर प्रत्येकाने तेच केलं असतं. पण तहाची कलमं वाचताना हेही दिसतं की सगळी भिस्त पुण्यात बसलेल्या एका कडक माणसावर आहे. तो बोलावील तेव्हा हजर व्हायचं, तो परवानगी देईल तेव्हा फौज वाढवायची. तोच नसेल तर?

तो होता तोवर बाहेरच्यांनीही दखल घेतली. मुंबईच्या इंग्रजांनी १७६७ च्या अखेरीस मोस्टिनला पुण्याला पाठवलं. त्यांना हवी होती साष्टी आणि वसई, आणि पेशवा हैदरशी किंवा निजामाशी हातमिळवणी करणार नाही याची खात्री. मोस्टिनचा पाहुणचार झाला आणि हातात काही न पडता तो परत गेला. हैदरवर माधवराव वारंवार चालून गेले. १७७० मध्ये आजारपणामुळे स्वतः माघारी फिरावं लागलं, तरी त्रिंबकराव पेठ्यांनी मार्च १७७१ मध्ये मोती तलावला हैदरचा मोठा पराभव केला. आणि उत्तरेत? रामचंद्र गणेश, विसाजी कृष्ण, महादजी आणि तुकोजी यांची फौज फेब्रुवारी १७७१ मध्ये दिल्लीत शिरली. पानिपताला दहा वर्षं आणि एक महिना झाला होता. बादशहा शहा आलम तेव्हा अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाला होता. बंगालची दिवाणी घेतल्यापासून इंग्रज त्याला वर्षाला २६ लाख देत. मराठ्यांच्या संरक्षणात तो जानेवारी १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर परत आला आणि इंग्रजांनी त्याचे २६ लाख बंद केले. हिंदुस्थानात आता वजन कुणाचं, याचा याहून सरळ हिशेब काय असणार.

पण क्षयाने माधवरावांना पोखरलं होतं. औषध नव्हतंच त्या काळी. शेवटचे महिने थेऊरच्या गणपतीजवळ काढले. कर्ज फेडायची काळजी तिथेही सुटली नव्हती. राघोबादादांना जवळ बोलावून धाकट्या नारायणरावाला त्यांच्या हाती सोपवलं. दुसरा इलाज तरी कोणता होता? १८ नोव्हेंबर १७७२ ला ते गेले, सत्ताविसाव्या वर्षी. रमाबाई सती गेल्या. 'स्वामी'च्या शेवटी आपण रडतो ते इथे, पण एका तरुण बाईचं जिवंत जळणं हळवं होऊन वाचावं असं मला वाटत नाही. ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने मराठी राज्याला पानिपतही या मृत्यूहून जास्त घातक ठरलं नाही असं लिहून ठेवलं आहे. नऊ महिन्यांत, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांच्या पदरी टाकला आणि पद सोडून ते निघून गेले.

त्याच १७७२ सालची एक गोष्ट राहिली. जानोजींना मूल नव्हतं. भाऊ मुधोजीचा मुलगा रघूजी याला दत्तक घ्यायला पेशव्यांची मान्यता हवी होती, म्हणून ते थेऊरला आले. ज्याने आपलं शहर जाळलं त्याच्या बिछान्याजवळ बसून त्यांनी वारसाचा प्रश्न सोडवून घेतला. परतताना मे महिन्यात तुळजापूरजवळ त्यांचा मृत्यू झाला. मान्यता देणारा पेशवाही सहा महिन्यांत गेला. मग नागपूरच्या गादीसाठी मुधोजी आणि साबाजी हे सख्खे भाऊ भांडू लागले. पुण्याच्या कारभाऱ्यांनी साबाजीला धरलं, राघोबादादांनी मुधोजीला. जानेवारी १७७५ मध्ये पाचगावला लढाई झाली आणि साबाजी मुधोजीच्या हातून मारला गेला. पाचगाव नागपूरहून उमरेडच्या रस्त्यावर आहे.