मेंदूच्या लहरी टिपणारे हान्स बर्गर

फिट येणाऱ्या रुग्णाच्या डोक्याला छोट्या चकत्या चिकटवून ईईजी काढला जातो, हे आज अनेकांनी पाहिलेले असते. माणसाचा पहिला ईईजी 1924 मध्ये निघाला, त्याला 100 वर्षे झाली. मेंदूतील विद्युत संदेश ओळखून संगणकाचा कर्सर हलवणाऱ्या आजच्या उपकरणांची सुरुवातही त्याच आलेखापाशी आहे. तो काढणाऱ्या हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाचे आयुष्य मात्र सरळ नव्हते.

बर्गर यांचा जन्म 21 मे 1873 रोजी कोबुर्गजवळच्या नॉइसेस गावात झाला. जेना विद्यापीठात गणित आणि खगोलशास्त्र शिकायला गेलेला हा तरुण लवकरच शिक्षण सोडून वर्षभरासाठी सैन्यात गेला. सरावात घोडा बिथरला आणि ते तोफगाड्याच्या वाटेत पडले. गाडा ऐन वेळी थांबला म्हणून वाचले. त्याच दिवशी घरून तार आली. भावावर काहीतरी संकट आले आहे, असे दूर असलेल्या बहिणीला तीव्रतेने वाटले होते आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी खुशाली विचारली होती. आपल्या मनातली भीती बहिणीपर्यंत पोहोचली, असे बर्गर यांनी मानले. मनाच्या ऊर्जेचा शोध घ्यायचा, या ध्यासाने ते वैद्यकशास्त्राकडे वळले.

1897 मध्ये ते जेना येथील मनोरुग्णालयात रुजू झाले आणि 1919 मध्ये त्याचे प्रमुख बनले. दिवसभर वेळापत्रकाप्रमाणे काटेकोर काम आणि संध्याकाळी एकट्याने प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. मेंदूचा रक्तपुरवठा मोजून झाला, तापमान मोजून झाले, पण हवे ते मिळेना. प्राण्यांच्या मेंदूतील वीजप्रवाह इंग्लंडमध्ये रिचर्ड केटन यांनी 1875 मध्येच नोंदवला होता. माणसाच्या डोक्यावरून तो टिपणे फार अवघड होते, कारण तेथे मिळणारा संदेश व्होल्टच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास असतो.

1924 मध्ये शस्त्रक्रियेमुळे कवटीचे हाड काढलेल्या एका तरुण रुग्णावर त्यांना यश आले. तरीही त्यांनी 5 वर्षे काही छापले नाही. ही लहर मेंदूचीच की नाडीच्या ठोक्यांची, स्नायूंची, की यंत्रातला दोष, हे ते पुन्हा पुन्हा तपासत राहिले. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही त्यांनी आलेख घेतले. डोळे मिटून शांत बसल्यावर सेकंदाला सुमारे 10 लहरी उमटत आणि डोळे उघडताच त्या विरत. या लहरींना त्यांनी अल्फा हे नाव दिले. 1929 मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, पण फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. 1934 मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगाने दखल घेतली. पुढच्याच वर्षी बोस्टनमधील डॉक्टरांनी अपस्माराच्या एका प्रकाराची ठळक खूण ईईजीवर दाखवली. टेलिपथी सापडली नाही, पण अपस्माराच्या निदानाला भक्कम साधन मिळाले.

याच काळात जर्मनीत नाझी राजवट आली. 1933 च्या कायद्याने आनुवंशिक समजल्या गेलेल्या आजारांच्या रुग्णांची सक्तीने नसबंदी सुरू झाली. त्या यादीत अपस्मारही होता. सुमारे 4 लाख लोक या कायद्याचे बळी ठरले. नसबंदीचे अंतिम निर्णय देणाऱ्या जेना येथील वरिष्ठ न्यायालयात बर्गर स्वतः बसत आणि त्यांनी अशा निर्णयांना संमती दिली. युद्धानंतर अनेक दशके त्यांना नाझींनी छळलेला शास्त्रज्ञ मानले जाई. जुनी कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा हे चित्र बदलले. 1938 मध्ये ते निवृत्त झाले. तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या बर्गर यांनी 1 जून 1941 रोजी आत्महत्या केली.

आलेखातील एका रेषेसाठी 5 वर्षे खात्री करत बसलेला हा माणूस रुग्णांच्या शरीराविषयी त्यांच्या इच्छेविरुद्ध निर्णय देताना मात्र थांबला नाही. मेंदूचे तंत्रज्ञान कोणाच्या हाती आहे आणि रुग्णाची संमती विचारली जाते का, हा प्रश्न म्हणूनच त्यांच्या चरित्रापासून वेगळा करता येत नाही.

हा प्रश्न आपल्याकडेही आला आहे. 2008 मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून मांडला गेला आणि जगभरातील शास्त्रज्ञांनी त्याच्या विश्वासार्हतेवर शंका घेतली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करण्यास मनाई केली. चिलीने 2021 मध्ये मेंदूतील माहितीचे संरक्षण थेट राज्यघटनेत आणले. हात-पाय हलवता न येणाऱ्या रुग्णांना मेंदूत बसवलेल्या चिपमुळे संगणक वापरता येऊ लागला आहे, हे मोठेच वरदान आहे. मात्र चिपने टिपलेली माहिती कोणाकडे राहणार, ती कशासाठी वापरली जाणार आणि रुग्णाला नकार देता येईल का, हे चिप बसवण्याआधीच त्याला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे.