लादिस्लाओ बोनुस : फिलिपिनो ऑपेराचे जनक

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ज्या मनिला नगरीत फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, तिचे नाव आमच्या भाविक वाचकांस परके नाही. त्याच मनिलातील पान्दाकान नामक धर्मग्रामातून पुढे एक थोर संगीतकार निपजला. महोत्सवाच्या या शुभप्रसंगी त्याचे चरित्र आम्ही थोडक्यात सादर करीत आहोत.

लादिस्लाओ बोनुस यांचा जन्म पासिग नदीकाठच्या या पान्दाकानात २७ जून १८५४ रोजी झाला. त्या काळी फिलिपीन बेटांवर स्पेनचे राज्य होते, आणि सामान्य प्रजेस देऊळ हीच संगीताची पाठशाळा होती. मिस्सागायन करणारी मुले आणि सणाच्या मिरवणुकीत वाजविणारे वादक यांतूनच तेथील कलावंत तयार होत. पान्दाकानात तर गायक-वादकांची इतकी समृद्धी होती की, लोक कौतुकाने त्यास ‘छोटी इटली’ म्हणत.

या धर्मग्रामाने दुःखही पाहिले होते. पान्दाकानचेच सुपुत्र फादर हासिन्तो सामोरा यांस बंडाच्या आरोपावरून १७ फेब्रुवारी १८७२ रोजी फादर गोमेस व फादर बुर्गोस यांजबरोबर देहान्त शासन झाले. बोनुस तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते.

त्या काळी मनिलात इटालियन ऑपेरा मंडळ्या येत असत. आपल्या संगीत नाटकांत गद्य संवादांच्या मधून मधून पदे येतात; ऑपेरात मात्र बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत सारे संभाषण गाऊनच होते. त्यास उत्तम कंठ, कसलेले वादक आणि दीर्घ तालीम यांची आवश्यकता असते. हे काम युरोपियनांनीच करावे, अशी पुष्कळांची समजूत असे. बोनुस यांनी तिला वादाने नव्हे, कृतीने उत्तर दिले. १८८७ साली त्यांनी स्थानिक गायक-गायिका जमवून पान्दाकानात स्वतःची ऑपेरा मंडळी उभारली. इटालियन भाषा ज्यांची मातृभाषा नव्हती, अशा या मंडळीने इटालियन ऑपेरे रंगभूमीवर आणले. देशी कंठ कोठेही उणा नाही, हे लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकले.

तथापि परक्या भाषेत उत्तम गाणे निराळे आणि आपल्या भाषेत गाणे निराळे. १८९६ साली क्रांती झाली, १८९८ साली स्पेनची सत्ता गेली आणि पुढील वर्षी अमेरिकेशी युद्ध पेटले. ते संपल्याची घोषणा ४ जुलै १९०२ रोजी झाली. त्यानंतर महिनाही लोटला नव्हता, तोच २ ऑगस्ट १९०२ रोजी मनिलाच्या सोरिल्या नाट्यगृहात ‘सान्दुगोंग पानागिनिप’ हा तागालोग भाषेतील ऑपेरा झाला. संगीत बोनुस यांचे आणि काव्य पेद्रो पातेर्नो यांचे होते. रक्ताच्या शपथेने जोडलेल्या मैत्रीचे स्वप्न, असा या नावाचा आशय आहे. नव्या राज्यकर्त्यांशी सख्याचे हे स्वप्न सर्वांस रुचावे असे नव्हते. ते दिवसही बिकट होते. पुढच्याच वर्षी आउरेलियो तोलेन्तिनो या नाटककारास एका देशाभिमानी नाटकामुळे अटक झाली. परंतु ज्या भाषेत आई मुलास प्रार्थना शिकवी, त्या भाषेत प्रथमच सबंध ऑपेरा गायिला गेला, हे बोनुस यांचे यश कोणासही नाकारता येत नाही. हाच पहिला फिलिपिनो ऑपेरा मानला जातो, आणि त्यामुळेच बोनुस यांस फिलिपिनो ऑपेराचे जनक म्हणतात.

२८ मार्च १९०८ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

या चरित्राचा बोध आम्हांस असा वाटतो : परमेश्वर कलेचे दान देताना गाव लहान की मोठे हे पाहत नाही. आपल्या गायकवृंदात रविवारी मागच्या रांगेत उभा राहणारा एखादा मुलगा वा मुलगी उद्या काय करील, हे आज कोण सांगू शकेल? त्या कंठाची निगा राखणे आणि त्यास आपल्या भाषेत परमेश्वराची स्तुती गाण्यास शिकविणे, हे तरी आपल्या हाती आहे.